दंडातली चप्पल

मला एकाच अक्षरात चप्पल घालायची होती. ती मी जवळजवळ सगळ्या मुळाक्षरांत घातली. एवढी सरळ चूक आहे, आणि ती करायला मला कुणाची मदत लागली नाही. वय झालं की माणसाचे जुने राग विरघळतात असं म्हणतात. माझं वय झालं, गुडघे कुरकुरतात, चष्मा डोक्यावर ठेवून मी तोच चष्मा घरभर शोधतो. पण दिलीप थेटे हे नाव कानावर पडलं की तोंडातला घास आजही कडू होतो. तेव्हा हे प्रकरण पश्चात्तापाचं असेल अशा आशेनं कुणी उघडलं असेल, तर त्यानं चार पानं उलटून पुढं जावं. थेटेला चप्पल दाखवल्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते नेम चुकल्याचं.

गंगाखेडला आम्ही स्टेशनच्या बाजूला भाड्यानं राहायचो. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या आळीत मळीचा आंबूस वास भरून राही, आणि आईनं वाळत घातलेल्या कुरडयांवर काजळीचे बारीक तुकडे येऊन बसत. आई कारखान्याला रोज सकाळी नेमानं शिव्या द्यायची आणि न्याहारीला सुशीला परतायची. भिजवलेल्या मुरमुऱ्यांवर फोडणी पडल्याचा चर्र आवाज, कारखान्याचा भोंगा, आणि ह्या दोन्हींच्या मधे कुठंतरी दाढीच्या पात्यानं बोरू तासल्याची किर्र किर्र. हा तिसरा आवाज अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. पण पालमपर्यंतच्या शाळांत त्यांची ओळख चित्रांनी नव्हती, अक्षरानं होती. जानेवारी उजाडला की मास्तर लोक एसटीनं प्रमाणपत्रांचे गठ्ठे घेऊन यायचे आणि ओसरीवर बसून राहायचे. अण्णा एकेका पोराचं नाव असं लिहायचे की नापासाच्या हातात दिलं तरी त्यानं ते भिंतीला लावावं. ह्या कामाचे ते काही घेत नसत. आई आतून ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "अक्षर फुकट, शाई फुकट. चहा तेवढा माझ्या पातेल्यात उगवतो."

अण्णांकडं अक्षर शिकायचं म्हणजे आधी दंड. अक्षराच्या उजव्या अंगाला जी उभी रेघ असते, म, न, प, त, स ह्यांना जी उभं धरते, तिला ते दंड म्हणत. पाटीवर ओल्या बोरूनं नुसते दंड काढायचे, वाळले की परत. माझा दंड कायम डावीकडं कलायचा. अण्णा मागं उभं राहून बघायचे आणि अगदी गंभीरपणे विचारायचे, "सुध्या, ह्यो दंड पिऊन आलाय का रे?" आई हसायची. मी पाटी पुसायचो. त्या घरात राहून माझं अक्षर काही सुधारलं नाही, पण दुसऱ्याच्या अक्षरातलं वाकडं मात्र मला शंभर पावलांवरून दिसायला लागलं. ही विद्या फार घातक. तिनं पोट भरत नाही, नुसता डोळा दुखतो.

दिलीप थेटे माझ्या वर्गातला. तोही अण्णांचाच विद्यार्थी, त्यानंही पाटीवर दंड काढलेले. त्याच्या वडिलांचा ऊस होता, जीप होती. आम्ही बाकीचे नोकरीचे अर्ज भरत हिंडत असताना त्यानं स्टेशन रोडला थेटे ग्राफिक्स काढलं. पत्रिका, पावतीपुस्तकं, भित्तिपत्रकं. काचेची केबिन, आत कूलर, आणि कूलरच्या वाऱ्यात देव्हाऱ्यासारखा बसवलेला कॉम्प्युटर. त्या काळी कॉम्प्युटरला धूळ लागली की तो बिघडतो असा सगळ्यांचा पक्का समज होता, म्हणून केबिनच्या दारात पायातलं काढून ठेवायचं असा नियम होता. गिऱ्हाईक, मी, वीजबिल घेऊन येणारा माणूस, सगळे अनवाणी आत. एकटा थेटे करकर वाजणारी कोल्हापुरी घालून आत हिंडायचा, कारण धूळही त्याचीच होती. मी तिथं नोकरीला लागलो. अक्षरं जुळवायचो, मजकूर ओतायचो, आणि बाजारात मिळणाऱ्या मराठी फाँटांकडं बघून मनातल्या मनात कुढायचो. म्हटलं, आपल्या घरात असं अक्षर असताना लोकांनी ही लंगडी बाहुली कशाला छापावी? अण्णांच्या अक्षराचा फाँट करायचा आणि त्याला त्यांचं नाव द्यायचं, माधव, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं. थेटेला सांगितलं तर म्हणाला, "कर की. काम सांभाळून कर."

फाँट कसा घडतो ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर माझा गाढवपणा पुरता कळणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक अक्षराला एक चौकोनी घर असतं. पण शहाणा माणूस प्रत्येक घरात पहिल्यापासून अक्षर काढत बसत नाही. तो तुकडे काढतो. दंड एकदाच काढायचा आणि त्याच्या स्वतःच्या घरात ठेवायचा. मग म च्या घरात म चं पोट काढायचं आणि दंड तिथं नुसता बोलवायचा. न च्या घरातही तोच, प च्या, थ च्या, काना-वेलांटीच्याही घरात तोच. दिसतात पुष्कळ, असतो एकच. मूळचा दंड थोडा जाड केला की क्षणात सगळी अक्षरं जाड होतात. मला ह्या युक्तीचं इतकं कौतुक वाटलं की एका दुपारी मी अण्णांना हाताला धरून दुकानात घेऊन आलो. त्यांनी दारात वहाणा काढल्या, स्टुलावर बसले आणि बराच वेळ पडद्याकडं पाहत राहिले.

"म्हंजे हा एकदाच काढला, अन् सगळीकडं हाच उभा?"

"हो ना अण्णा!"

"अन् ह्योच चुकला तर?"

"तर सगळंच चुकंल."

"मग तू काढू नको," अण्णा म्हणाले आणि वहाणा घालून घरी गेले.

तो रविवार त्यांनी ओसरीवर काढला. आई जेवायला हाका मारून थकली. कागदावर कागद दंडांनी भरत होते, आणि अण्णा मान हलवून ते बाजूला सारत होते. उन्हं उतरल्यावर त्यांनी एक कागद मला दिला. त्यावर एकच उभी रेघ होती: माथ्याशी किंचित रुंद, पोटाशी दम धरलेली, आणि तळाशी बोरूच्या तिरक्या टोकानं कापलेली. मी तो कागद स्कॅन केला. बाकी फाँट मी अण्णांच्या अक्षरावरून गिरवला, माझ्या हाताचं थोडं वाकडेपण त्यात असणारच. पण तो दंड मात्र निव्वळ अण्णांचा होता. सगळा फाँट त्या एका रेघेवर उभा राहिला.

फाँट पुरा झाला आणि थोड्याच दिवसांत परभणीला जिल्ह्यातल्या छपाईवाल्यांचा मेळावा भरला. थेटे म्हणाला, चल, आपला फाँट दाखवू. आपला ह्या शब्दानं मी इतका फुगलो की घरी जाऊन आईला पांढरा शर्ट काढायला लावला. अण्णांनी तो स्वतः तांब्यात निखारे घालून इस्त्री केला. आईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मेळाव्यात दुसऱ्या रांगेत बसून मी पाहिलं: पडद्यावर अण्णांची अक्षरं आली आणि त्यांच्या माथ्यावर नाव आलं, 'थेटे सुंदर'. सभागृहात वाहवा झाली. दिलीप थेटे ह्या तरुण कलावंतानं स्वतःच्या कल्पनेतून आणि अहोरात्र मेहनतीनं घडवलेला फाँट, असं निवेदक म्हणाला. शाल आली, नारळ आला. आता खरं सांगतो, कारण लपवून उपयोग नाही: मी टाळ्या वाजवल्या. जोरजोरात वाजवल्या. मला वाटत होतं की शेवटी तो माझं नाव घेईल, आणि तेव्हा आपण आधीच टाळ्या वाजवत असलेलं बरं दिसेल. तो उतरला, फोटो झाले, लोक जेवायला उठले, आणि माझे हात तसेच एकमेकांपाशी राहिले.

परतताना जीपमध्ये मी विचारलं. शाल त्याच्या मांडीवर होती, नारळ माझ्या.

"दिलीप, नाव तर माधव ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं."

"अन् काढलाय मी."

"काँप्युटर कुणाचा? लाईट कुणाची? कूलर कुणाचा?" त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं. "तू तर नुसता माऊस हलवायलास, सुध्या. माऊस बी माझाच." मग बहुधा दया येऊन म्हणाला, "नारळ घिऊन जा घरी. काकूला चटणीला व्हईल."

मी तो नारळ घेऊन गेलो. फेकून मारायला हवा होता हे मला घराच्या पायरीवर सुचलं. मला सगळं पायरीवरच सुचतं. आईनं नारळ बघितला, माझं तोंड बघितलं, आणि सगळं ओळखून थेटेच्या खानदानाचा असा उद्धार केला की शेजारची बाई भिंतीपलीकडनं "काय झालं वो?" विचारायला आली. अण्णा मात्र शांत. म्हणाले, "लोकास्नी अक्षर आवडलं ना? मग झालं." ह्या दोन वाक्यांनी मला थेटेच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त चटका बसला. अण्णा रागावले असते तर मी कदाचित गप्प बसलो असतो. ते रागावत नाहीत म्हणून त्यांच्या वाटणीचाही राग मलाच करावा लागला. त्या दिवसापासून त्यांनी सकाळी बोरू तासायचं हळूहळू सोडलं. कारण विचारलं तर म्हणत, आता कशाला, सगळं काँप्युटरवरच व्हायलंय. सकाळी फोडणी व्हायची, भोंगा व्हायचा, आणि मधली जागा रिकामी असायची. त्या रिकाम्या जागेत बसून मी थेटेचा विचार करायचो. बायको करून दिली असती तर तिचाही इतकं मन लावून केला नसता.

संधी त्यानंच दिली. परभणीला फ्लेक्सचं यंत्र नुकतंच आलं होतं. त्याआधी मोठी पाटी म्हणजे पेंटर, शिडी आणि आठवडा. आता घराएवढी अक्षरं तासाभरात छापून मिळायला लागली. थेटेला दुकानाच्या माथ्यावर भलंमोठं 'थेटे' लावायचं होतं. तो मला म्हणाला, "फाँटमधे काही जोड उघडे दिसायलेत. मोठं केल्यावर वंगाळ दिसंल. तेवढं नीट कर, अन् नवी फाईल काढून ठेव. मी यंत्र बघून येतो." आणि तो जीप घेऊन गेला.

दुपार होती. भारनियमन संपून नुकतीच वीज आली होती, कूलर खडखडत होता, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. मी उघडे जोड मुकाट नीट केले. मग थ चं घर उघडलं. थ फारसा लागत नाही. थेटेला मात्र तो जन्मभर लागणार. म्हटलं, ह्या थ च्या दंडात एक चप्पल कोरून ठेवू. आरपार, पांढरी. पत्रिकेवर ती दिसणार नाही, शाई किंचित उडाली असं वाटेल. पण थ माणसाएवढा झाला, की स्टेशन रोडवरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थेटेच्या नावात थेटेची लायकी दिसेल. दंड उभट, चप्पलही उभट. दोघांची गाठ जणू आधीच ठरलेली. नमुन्यासाठी मी काचेतून दाराकडं पाहिलं. तिथं माझीच झिजलेली स्लीपर पडली होती. दुसरी कुणाच्यातरी पायानं लोटली जाऊन पायरीखाली गेली होती. जी दिसत होती ती बघून मी तळवा काढला, अंगठ्याचा बाक काढला, पट्ट्याचा इंग्रजी व्ही काढला. इतकं मन लावून मी उभ्या आयुष्यात चित्र काढलं नव्हतं.

आता चूक. थ च्या घरात दंड नुसता बोलावलेला असतो, हे मी मघाशी सांगितलं. त्याच्यावर दोनदा टिचकी मारली की सॉफ्टवेअर आपल्याला उचलून मूळ दंडाच्या घरात नेऊन सोडतं. फक्त थ पुरतं काही करायचं असेल तर आधी तिथला सांधा तोडावा लागतो. हे मला माहीत होतं. हे मी दुसऱ्यांना शिकवायचो. पण सूड घेणाऱ्या माणसाला घाई फार. मी टिचकी मारली, समोर दंड आला, मी चप्पल कोरली. पडद्यावरच्या खिडकीच्या माथ्यावर बारीक अक्षरांत घराचं नाव लिहिलेलं होतं. ते वाचायला मला वेळ नव्हता. माझी मुलगी आता पुण्यात हेच काम करते. ती म्हणते, "बाबा, एकदा टाईप करून बघायचं ना!" अगं, बघितलं होतं! मोठ्या आकारात 'थेटे' टाईप केलं. थ च्या दंडात चप्पल झळकली. ट ला असा दंडच नसतो, मात्रेला नसतो, त्यामुळं त्या नावात दुसरी चप्पल यायला जागाच नव्हती. मला वाटलं, नेम बरोबर बसला. मी खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःच्या पाठीवर थाप मारण्याचा प्रयत्न केला, हात पोचला नाही, आणि फाईल थेटेच्या नावानं ठेवून दिली.

मग वाट बघणं सुरू झालं. मी रोज स्टेशन रोडनं जाताना दुकानाच्या माथ्याकडं बघायचो आणि आपल्याशीच हसायचो. आईला वाटलं पोराचं कुठं जमलं. पाटी काही येईना, आणि मधेच अण्णांच्या निवृत्तीचा दिवस आला. शाळेच्या मैदानात मांडव घातला होता. अण्णांनी कोट घातला, आईनं ठेवणीतलं नेसलं, आणि आम्ही तिघं रिक्षातून निघालो. फाटकातून आत वळलो तर व्यासपीठाच्या मागं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, फ्लेक्स. आमच्या गावानं पाहिलेला पहिलाच. त्यावर अण्णांचं अक्षर, पुरुषभर उंच: 'माधवराव गुरुजी'. थेटेनं गुपचूप छापून आणला होता, फुकट, गुरूची सेवा म्हणून. व्यासपीठाजवळ रिक्षा उभी राहिली, आणि अण्णा उतरता उतरता थांबले. त्यांनी नाव वाचलं नाही. ते दंड बघत होते. "ह्यो तर..." एवढंच म्हणाले आणि कोटाच्या बाहीनं डोळे टिपले. एका क्षणापुरतं मी थेटेला माफ केलं. खोटं कशाला सांगू, क्षणापुरतं केलं होतं.

"अगं बाई," आई म्हणाली. तिची नजर पहिल्यापासून तिखट. "त्या अक्षरात काय लटकायलंय?"

मी पाहिलं. म मध्ये चप्पल. त्याच्या कान्यात चप्पल. ध मध्ये, व मध्ये, पुन्हा कान्यात, पुन्हा व मध्ये. त्या अख्ख्या नावात एक र तेवढा अनवाणी होता. तोपर्यंत मांडवातही कुजबूज उठली होती, लोक बोटं दाखवायला लागले होते, आणि हेडमास्तर व्यासपीठावर उभे राहून ओरडत होते, "गुरुजींच्या नावात पायताणं? ही काय मस्करी लावलीय? कुणाचं काम हे?" कुणाचं ते विचारायची गरजच नव्हती. फ्लेक्सच्या कोपऱ्यात ठसठशीत लिहिलेलं होतं, 'अक्षररचना : थेटे ग्राफिक्स'. तिथल्या थ मध्येही चप्पल होती, पण त्या गर्दीत तिला आता कोण विचारतो.

थेटे व्यासपीठाच्या पायरीपाशी होता. पांढराफटक. "सर, आईशप्पथ, मला काईच म्हाईत न्हाई..."

"तुमीच केलंय ना हे अक्षर? परभणीला शाल घेतली तुमी. पेपरात फोटू आलता!"

मला त्या वेळी काय वाटलं ते लिहायला हवं. एकीकडं अण्णांच्या नावात चपला होत्या आणि त्या मी घातल्या होत्या. दुसरीकडं थेटे अशा कोपऱ्यात सापडला होता, की मी बसून आखलं असतं तरी जमलं नसतं. अक्षर स्वतःचं म्हणावं तर चपलाही त्याच्या. चपला नाकाराव्यात तर शालही नाकारावी लागणार. मी गप्प राहिलो असतो तर तो दोन्ही घेऊन बुडाला असता, आणि आजतागायत कुणाला काही कळलं नसतं. गप्प राहणं एवढंच काम होतं. दगडालाही जमतं.

"हे अक्षर माझं न्हाई!" थेटे शेवटी फुटला. "सुध्यानं काढलंय. सगळं त्यानंच काढलंय. मी नुसतं नाव लावलं."

किती दिवस मी हे वाक्य ऐकायची वाट बघत होतो! आणि ते असं तोंडातल्या तोंडात, पुढच्या रांगेपुरतं वाया चाललं होतं. मला राहवलं नाही. मी रिक्षापाशी उभा राहून ओरडलो, "जरा जोरात बोल दिलीप! मागं ऐकू येत न्हाई!"

सगळं मैदान माझ्याकडं वळलं. थेटेनं मला पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. तो दोन ढांगांत वर चढला, त्यानं चालू माईक धरला, आणि कर्ण्यातून शाळेला, स्टेशनला आणि मला वाटतं नदीपलीकडच्या वस्तीलाही ऐकू गेलं: "ह्यातला एक एक दंड, अन् दंडातली एक एक चप्पल, आपल्या गुरुजींच्या सुधाकरनं काढलेली हाय! माझं ह्यात काई न्हाई!" मला हवं होतं ते सगळं मिळालं. नाव मिळालं, जाहीर मिळालं, माईकवरून मिळालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आईनं सावकाश स्वतःच्या पायाकडं पाहिलं, तसा मी रिक्षाच्या पलीकडच्या बाजूला गेलो.

हेडमास्तर फ्लेक्स उतरवायला निघाले तेव्हा अण्णा व्यासपीठावर चढले. त्यांनी चष्मा पुसला, म च्या दंडाशी नाक नेऊन बराच वेळ बघितलं, मग दुसऱ्या दंडाशी, मग तिसऱ्या. म्हणाले, "राहू द्या. सुरू करा कार्यक्रम." आणि त्याच चपलांखाली खुर्चीवर बसले. सगळी भाषणं तशीच झाली. एका वक्त्यानं "गुरुजींच्या पावलावर पाऊल ठेवून" एवढं म्हटलं आणि अख्खा मांडव फिस्सकन हसला. अण्णांनी उत्तराचं भाषण केलं, त्यात फ्लेक्सचा उल्लेख नाही, माझा नाही, थेटेचाही नाही. निघताना मात्र त्यांनी तो फ्लेक्स गुंडाळून मागून घेतला. पुढं आईनं तो गळक्या न्हाणीघराच्या पत्र्याखाली ताणून बांधला, अक्षरं आतल्या बाजूला करून. पुढची कितीतरी वर्षं मी डोक्यावर चपला घेऊन आंघोळ केली.

थेटेनं मला काढून टाकलं, हे सांगायला नको. शालही त्यानं परत केली नाही. पण फाँट ही काही कुलपात राहणारी चीज नाही. ती फाईल ह्या दुकानातून त्या दुकानात, ह्या फ्लॉपीतून त्या सीडीत जिल्हाभर पसरली, चपलांसकट. परवा देवगाव फाट्यावर चहाला थांबलो, तर समोर ढाब्याची लांबलचक पाटी. मी मोबाइलवर फोटो काढून दोन बोटांनी मोठा केला. होती. 'शुद्ध शाकाहारी' मध्ये एकेका दंडागणिक होती. मी चहा अर्धा ठेवून उठलो आणि जवळ जाऊन तिच्याकडं बघत राहिलो. थेटेचं दुकान आता तीन मजल्यांचं आहे, पण 'थेटे सुंदर' हे नाव कुणाच्या तोंडी नाही. पोरं त्या फाँटला सरळ 'चप्पल' म्हणतात. माणसाला म्हातारपणी असं काहीतरी सुख लागतं.

पण त्या दिवशीचं जेवण सांगायचं राहिलं. निवृत्तीचा दिवस म्हणून आईनं पुरण घातलं होतं, येसराची आमटी केली होती. आमटीचा वास घरभर होता. आई माझ्या ताटात वाढताना पळी आपटत होती. शेवटी मीच म्हणालो, "अण्णा, मला एकट्या थेटेच्या नावात घालायची होती."

"ते कळलं मला."

"तुमच्या दंडाला हात लावायचा न्हवता."

अण्णांनी पोळीचा तुकडा मोडला. "कुणाची बघून काढलीस?"

"माझीच. दारात पडलेली."

"हं," अण्णा म्हणाले आणि आमटी भुरकायला लागले. वाटी रिकामी झाली. त्यांनी ती खाली ठेवली, मिशी पुसली, आणि पाटीवरचा दंड बघायचे तसं माझ्याकडं बघितलं.

"येवढ्या काढल्यास, अन् सगळ्या डाव्याच. त्या थेट्याला मारायच्याच होत्या, तर जोड तरी पुरा करायचा की, गाढवा."